पंप जळाल्याचा खरा खर्च कुठे लिहिला जातो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबरअखेरपर्यंत गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक सभा उरकायच्या असतात आणि देखभालीच्या खर्चावरून खडाजंगी ठरलेली. 'चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?' असं काहींचं म्हणणं, तर 'सगळं वेळच्या वेळी बदलून टाका' असा इतरांचा आग्रह. भोसरीच्या कारखान्यात मेंटेनन्समध्ये आयुष्य गेलं, म्हणून दोघांनाही कळकळीने सांगतो: आधी हिशेब मांडा.

पाण्याचा पंप घ्या. बेअरिंग आणि सील ठरवून बदलायला 6,000 रुपये लागतात असं धरू. तेच बेअरिंग जाम होऊन मोटर जळाली, तर रिवाइंडिंग (मोटरमधली तार नव्याने भरणं), तातडीची मजुरी आणि टँकर मिळून 30,000. हात न लावता पंप सरासरी 20 महिने चालत असेल, तर महिन्याला 1,500 रुपये पडले. आता बाराव्या महिन्याला बदलायचं ठरवलं आणि त्याआधीच दहातला एखादा बंद पडला, तर (नऊ वेळा 6,000 आणि एकदा 30,000 धरून) दर खेपेचा सरासरी खर्च 8,400 होतो, म्हणजे महिन्याला साधारण 720. मात्र घाई करून सहा महिन्यांनीच बदललं, तर आकडा पुन्हा हजारावर जातो. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे वेगळे निघतील. पण सर्वांत स्वस्त पडणारी मुदत अशी मध्येच कुठेतरी असते.

हे गणित झिजणाऱ्या भागांना लागू पडतं. लिफ्टच्या कंट्रोलरमधलं इलेक्ट्रॉनिक कार्ड वयानुसार झिजत नाही, ते कधीही जातं. चांगलं चालणारं कार्ड बदलून फायदा शून्य. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी 1978 च्या अहवालात दाखवलं, की विमानाच्या तपासलेल्या भागांपैकी 89 टक्के भागांना ठरावीक वयात बदलून काही उपयोग नव्हता. उलट यंत्र उघडून पुन्हा जोडताना नवे दोष शिरतात.

आणि दुरुस्ती झाली म्हणून यंत्र नवं होत नाही. वाइंडिंग नवं भरलं, तरी शाफ्ट आणि इम्पेलर (पाणी ढकलणारं चाक) जुनेच राहतात. दोन बिघाडांमधलं अंतर आठ महिन्यांवरून पाच, पाचावरून तीन असं घटत गेलं, की नव्या पंपाचं कोटेशन मागवायची वेळ झाली.

पण हे अंतर कळणार कसं? बहुतेक सोसायट्यांत रिवाइंडिंगचं व्हाउचर 'दुरुस्ती' खाती पडतं आणि त्याच आठवड्यातलं टँकरचं बिल 'पाणीपुरवठा' खाती. वर्षअखेरीस दुरुस्ती स्वस्त दिसते आणि एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. मग सभेत सर्वांत कमी दराचा ठेका मंजूर होतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दोन दिवस पाणी भरत जिने चढतात ती वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं, आणि तो त्रास तर कुठल्याच खाती पडत नाही.

प्रत्येक पंपाची आणि लिफ्टची वेगळी वही ठेवा: कोणता भाग, कधी गेला, किती तास बंद, टँकर धरून एकूण खर्च किती. सभेच्या अहवालात ते पान जोडा. याच धर्तीवर पुण्याची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीनेही रस्त्यात बंद पडलेल्या बसगाड्यांची माहिती गाडीचं वय आणि बिघडलेला भाग यांसह दरमहा जाहीर करावी. स्वतःच्या आणि ठेकेदारांच्या गाड्या वेगळ्या दाखवाव्यात.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स इंजिनिअर, कोथरूड, पुणे