छायाचित्रात पत्राची पाठही हवी

संपादकांस,
स. न. वि. वि.

'शिवकालीन पत्र सापडले', 'पेशव्यांचे दुर्मीळ पत्र उजेडात' अशा बातम्यांसोबत छायाचित्र असते आणि ते बहुधा नको तिथे कापलेले असते. वरचा शिक्का, शेवटचे मोर्तब (मजकूर संपल्याचा छोटा शिक्का), पाठ यांपैकी काहीच दिसत नाही. दिसतो फक्त मधला मजकूर. बनावट करणाऱ्याला सर्वांत सोपा तोच भाग! जुन्या बाजारात आणि ऑनलाइन अशी पत्रे विकत घेणारे अलीकडे बरेच झाले आहेत. काय तपासायचे हे ते अशा बातम्यांवरूनच शिकतात. तेव्हा पत्राच्या दोन्ही बाजू, मोजपट्टीसह आणि न कापता, छापाव्यात ही विनंती. त्यात पाहायचे काय, ते थोडक्यात लिहितो.

शिवाजी महाराजांच्या 'स्वहस्ताक्षरातले' पत्र कोणी विकत असेल तर तिथूनच परत फिरावे. पत्रे लिहीत ती चिटणीस आणि कारकून मंडळी. खाली सही ठोकण्याची आजची रीत तेव्हा नव्हती. पत्राचा खरेपणा ठरे तो माथ्यावरच्या 'प्रतिपच्चंद्रलेखेव' या अष्टकोनी मुद्रेने आणि शेवटच्या 'मर्यादेयं विराजते' या मोर्तबाने. मजकूर मोडीत, मुद्रा देवनागरीत. लांब पत्र कागदाचे बंद, म्हणजे सुटे तुकडे, एकाखाली एक चिकटवून लिहिलेले असे. मधला बंद कोणी बदलू नये म्हणून पाठीमागे जोडावरही शिक्का उठवत. 'क्षत्रियकुलावतंस' ही पदवी आणि राज्याभिषेक शक जून १६७४ नंतरचे. १६६० च्या पत्रात ते दिसले तर पुढे वाचायची गरजच नाही.

पेशव्यांच्या शिक्क्यात छत्रपतींचे नाव आधी येते. पहिल्या बाजीरावाचा शिक्का 'श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान' असा. शाहू महाराज डिसेंबर १७४९ मध्ये वारले; म्हणून थोरल्या माधवरावांच्या शिक्क्यात राजाराम (म्हणजे साताऱ्याचे रामराजे) हे नाव हवे. नकली शिक्के इथे हटकून चुकतात, कारण एकाच पुस्तकातले चित्र सगळ्यांना चालवले जाते. पेशव्यांच्या पत्रात शेवटी 'लेखनसीमा' हे मोर्तब येते. मुत्सद्द्यांच्या पत्रांत कारकुनाचा मजकूर संपल्यावर चार ओळी दस्तुरखुद्द, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या हातच्या, असू शकतात. एकाच कागदावर दोन वळणांची अक्षरे दिसली तर ती शंकेची नव्हे, आनंदाची गोष्ट. मात्र ते वळण कोणाचे, हे संग्रहातल्या अस्सल कागदांशी ताडूनच ठरवावे.

सर्वांत जास्त फसगत कालगणनेत होते. मराठी कागदांत वापरला जाणारा शुहूर सन अरबी अंकशब्दांत लिहीत आणि तो मृग नक्षत्रापासून सुरू होई. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ + ६० + १०० + १००० = ११६१. मृग ते डिसेंबर या काळासाठी त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे ११६१ हा १७६०-६१ चा सन, पानिपताचा. त्याच पत्रात शक असेल तर तो जुळला पाहिजे: शके १६८२ च्या पौषात जानेवारी उजाडला असेल तर ७९ मिळवून १७६१. दोहोंत वर्षाचा फरक निघाला तर आधी आपली बेरीज तपासावी, मग पत्रावर संशय घ्यावा. शक चैत्रात बदलतो आणि शुहूर मृगात, हे विसरल्याने चांगली पत्रेही नाकारली जातात. पुष्कळ खासगी पत्रांत वर्ष नसतेच, नुसते 'छ २१ रबिलावल' (मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख) असते. तिथे वर्ष मजकुरावरूनच काढावे लागते. आणि इंग्रजी तारखांशी ताळा करताना सप्टेंबर १७५२ पूर्वीच्या जुन्या इंग्रजी पंचांगाचा फरक धरावा: १७०० पर्यंत १० दिवसांचा, नंतर ११ दिवसांचा.

कागद जुना म्हणून पत्र अस्सल, हा समज मात्र सोडलाच पाहिजे. तालीक, म्हणजे त्याच काळात केलेली नक्कल, जुन्याच कागदावर असते. ती इतिहासाला उपयोगी, पण किंमत अस्सलाची देऊ नये. शिवाय १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनची (इनामांचे हक्क तपासणाऱ्या इंग्रज सरकारच्या मंडळाची) चौकशी कडक झाली, तेव्हा वतने वाचवण्यासाठी बनावट सनदा पुढे आल्या. त्याही आता पावणेदोनशे वर्षांच्या होत आल्या. त्या काळच्या लबाडांचे मोडी आजच्या जाणकारांपेक्षा चांगले होते, हेही कबूल केले पाहिजे.

आजची नक्कल ओळखणे त्या मानाने सोपे. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून मग अक्षरे तिला लटकवतात, शब्द तोडत नाहीत. शिकाऊ हात शब्दागणिक रेघ मारतो. बोरू बुडवला की शाई गडद, मग फिकी होत जाते. हा चढउतार पानभर दिसला पाहिजे. काजळाची शाई काळीच राहते. मोडी मजकूर एकसारखा तपकिरी दिसला तर सावध व्हावे. दहापट भिंगाखाली शिक्क्यात रंगीत ठिपके दिसले तर तो प्रिंटर आहे. चहाने जुना केलेला कागद सगळीकडे सारखाच पिवळा होतो. खऱ्या पत्रात मळ बाहेरच्या घडीवर साचतो, आतल्या घड्या उजळ राहतात.

इंग्रज सेनानींच्या पत्रांची तऱ्हा वेगळी. त्यांची शाई लोह-मायफळाची. ती काळाने तपकिरी होते आणि कागद खाते. कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह पाहावे. इंग्लंडच्या कागदात १७९४ पासून अनेकदा सालही असते, आणि ते पत्राच्या तारखेनंतरचे निघाले की विषय संपला. असईच्या लढाईच्या (२३ सप्टेंबर १८०३) छावणीतले पत्र 'वेलिंग्टन' या सहीचे असूच शकत नाही. ती पदवी १८०९ ची. तेव्हा तो आर्थर वेलस्ली होता, आणि १७९८ च्या आधी तर आडनाव 'वेस्ली' असे लिही.

ज्यांच्या घरी दप्तर, म्हणजे जुन्या कागदांचा संग्रह, आहे त्यांनी रुमालातून (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातून) एकच 'नावाचे' पत्र काढून विकू नये. शेजारच्या कागदांवरचे कसरीचे भोक आणि पाण्याचा डाग एकमेकांशी जुळतात. त्या पत्राचा तोच सर्वांत भक्कम पुरावा असतो, आणि पत्र बाहेर काढले की तो जातो. गाठ सोडण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, कागद आहेत त्याच क्रमाने ठेवावेत, पाठीच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घालावा. लॅमिनेशन, सेलोटेप, इस्त्री यांपैकी काहीही करू नये. ओल्या फडक्याने पुसणे तर नकोच. काजळाची शाई डिंकावर धरलेली असते, ती पाण्याने उठते. फाटले असेल तर जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरावी, तीही जाणत्या हाताने. खळीत मोरचूद घालण्याची जुनी सवय घातक आहे. तांब्याने कागद लवकर ठिसूळ होतो. बांधायला लाल कापड नको, रंग उतरतो. धुऊन खळ काढलेला मांजरपाट उत्तम. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी. ६५ च्या वर गेली की बुरशी धरते. म्हणून पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट टाळावे.

ऐतिहासिक महत्त्वाचा ७५ वर्षांपुढचा दस्तऐवज १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतो. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला तो देशाबाहेर पाठवता येत नाही, टपालानेसुद्धा नाही. विक्रेत्याकडे परवान्याची प्रत आणि पत्र कोणत्या घराण्याच्या दप्तरातले याची लेखी नोंद मागावी. कोपऱ्यात अभिलेखागाराचा शिक्का किंवा रुमालाचा क्रमांक खरवडलेला दिसला, तर भाव कितीही कमी असो, घेऊ नये. त्या अभिलेखागाराला कळवावे.

– एक मोडी वाचक, पुणे