डिजिमॉनकडे परतताना जुना गठ्ठा बाजूला ठेवा

महोदय,

जुन्या ट्रेडिंग कार्डांचा विषय निघाला की बोलणे फिरून भावावरच येते. कोणते कार्ड कितीला गेले, कोणाच्या कपाटात काय निघाले, वगैरे. खेळ कसा खेळतात हे विचारणारा विरळा. ‘डिजिमॉन’पुरते तरी हे उफराटे आहे, म्हणून हे पत्र.

मूळ ॲनिमे मालिका 1999ची. एप्रिल 2020 मध्ये ती नव्या रूपात सुरू झाली आणि त्याच वर्षी बांदाई या जपानी खेळणी कंपनीने जपानात ‘डिजिमॉन कार्ड गेम’ मुळापासून नवा करून आणला. इंग्रजी आवृत्ती 2021ची. लहानपणी मालिका पाहिलेली मंडळी त्यामुळे परत वळतात आणि आधी जुना गठ्ठा शोधून काढतात. या खेळात त्या गठ्ठ्याचा उपयोग शून्य. नियम वेगळे, पाठीवरची छपाई वेगळी, कार्डावरचे आकडे वेगळ्याच हिशेबाचे. नावे आणि चेहरे तेवढे ओळखीचे. (पोकेमॉनकडे परतणाऱ्यांचे दुखणे निराळे: तिथे खेळ तोच आहे, पण डावात पहिली पाळी ज्याची त्याला त्या पाळीत हल्ला करता येत नाही, सपोर्टर (मदतनीसाचे) कार्डही खेळता येत नाही. हे माहीत नसलेला माणूस जुन्या तोऱ्यात बसतो आणि पहिल्याच मिनिटाला अडतो.)

जुनी पाने फेकू मात्र नका. रबरबँड काढा, त्याने कडांना खाच पडते. पीव्हीसीचे पारदर्शक कप्पे काही वर्षांनी चिकट होऊन छपाईला धरतात; पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. चकचकीत फॉइल कार्डे वाकतात, कारण कागदाचा थर ओल शोषून फुगतो आणि वरचा फॉइलचा थर फुगत नाही. त्यावर इस्त्री हा उपाय नव्हे. बंद डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. फार दिवस ठेवलीत तर तेच कार्ड उलट बाजूला वाकेल.

दुसरा मोह सीलबंद पेटीचा. इंग्रजी आवृत्तीच्या पेटीत सहसा 24 पाकिटे, पाकिटात 12 पाने. पण चांगल्या डेकला, म्हणजे खेळायच्या गठ्ठ्याला, महत्त्वाच्या पानाच्या चार-चार प्रती लागतात आणि पाकिटे फोडून त्या जमवणे हा निव्वळ नशिबाचा मामला. आधी एक तयार स्टार्टर डेक घ्यावा, त्यावर पाच-दहा डाव खेळावेत आणि काय कमी पडते ते कळले की तेवढीच पाने सुटी घ्यावीत. मौज म्हणून पेटी फोडायची तर खुशाल फोडा.

मुख्य डेक बरोबर 50 पानांचा. एकाच क्रमांकाच्या जास्तीत जास्त 4 प्रती. अंड्यांचा, म्हणजे डिजि-एगचा, गठ्ठा वेगळा, 0 ते 5 पानांचा. त्याची पाठही वेगळी. हातात 5 पाने, समोर उपडी 5 पाने ‘सिक्युरिटी’, म्हणजे ढाल, म्हणून; हल्ला झाला की त्यातले पान उलटून तपासायचे. ती संपल्यावर आणखी एक हल्ला थेट बसला की डाव गेला. पान ओढायच्या वेळी डेक रिकामा असला तरीही गेला.

खरी गंमत आणि खरी गल्लत मेमरीच्या, म्हणजे चाली खेळायच्या भांडवलाच्या, पट्टीवर होते. मध्ये 0, दोन्ही बाजूंना 1 ते 10. पान खेळले की त्याच्या किमतीइतकी सोंगटी समोरच्याच्या दिशेने सरकते. ती त्याच्या बाजूच्या 1 वर किंवा पुढे गेली की पाळी त्याची, आणि सोंगटी जिथे असेल तेवढी मेमरी त्याला मिळते. समजा तुमच्या बाजूला 2 आहेत. 5चे पान खेळलात तर समोरचा 3 मेमरीवर सुरू करतो. 2चे खेळलात तर सोंगटी 0 वर येते आणि पाळी अजून तुमचीच असते. नवखे हमखास इथे थांबतात. 0 म्हणजे पाळी संपली नव्हे. शक्यतो आणखी एक चाल खेळूनच पाळी द्यायची. काही न खेळता पाळी सोडली तर समोरच्याला 3 मेमरी मिळते, म्हणून 1 किंवा 2 देऊन संपवणे बहुतेक वेळा बरे.

लाडका डिजिमॉन हातात आला की थेट मैदानात उतरवायचा, ही जुन्या प्रेक्षकाची ओढ. हिशेब करून पाहा. पहिल्या लाल स्टार्टर डेकमधला वॉरग्रेमॉन हातातून थेट खेळायला 12 लागतात. तुमच्याकडे 2 असतील तर समोरच्याला पूर्ण 10 मिळतात, वॉरग्रेमॉनला त्या पाळीत हल्लाही करता येत नाही. तोच पायरीपायरीने चढवा: अंड्यावर अगुमॉन, त्यावर ग्रेमॉन, मग मेटलग्रेमॉन, शेवटी वॉरग्रेमॉन. शेवटच्या पायरीला 4च लागतात, आणि प्रत्येक पायरीला डेकमधून एक पान फुकट मिळते. शिवाय खाली दबलेल्या दर दोन पानांमागे तो एक सिक्युरिटी जास्त तपासतो. खाली अंड्यासकट चार पाने, म्हणजे एका हल्ल्यात तीन सिक्युरिटी. थेट उतरवला तर एकच. सिक्युरिटीतून त्याच्याइतका किंवा जास्त डीपीचा (ताकदीच्या आकड्याचा) डिजिमॉन निघाला तर तो तिथेच मरतो आणि उरलेली तपासणी राहून जाते, हेही ध्यानात असावे. अंडे उबवण्याच्या जागेवर समोरच्याला हल्ला करता येत नाही, तेव्हा पहिल्या दोन पायऱ्या तिथेच उरकाव्यात. तिथून बाहेर आलेला डिजिमॉन त्याच पाळीत हल्ला करू शकतो.

पायऱ्या चढायच्या तर पानांचे प्रमाण हवे. सुरुवातीला लेव्हल 3ची (अगुमॉनच्या पायरीची) 13, लेव्हल 4ची 10, लेव्हल 5ची 8, लेव्हल 6ची 7, टेमर (डिजिमॉनच्या साथीदार माणसांची पाने) 6 आणि ऑप्शन (डावपेचाची पाने) 6 असा साचा चालतो. आवडती मोठी पाने कोंबण्यासाठी लोक लेव्हल 3 कमी करतात आणि तिथेच फसतात. लेव्हल 3ची 12 पाने असतील तर पहिल्या पाच पानांत एक तरी येण्याची शक्यता सुमारे 76 टक्के, 14 असतील तर 82. हात एकदाच, तोही पूर्ण, बदलता येतो. तो धरला तर आकडे 94 आणि 97च्या आसपास जातात. एखाद्या पानाच्या चारही प्रती घातल्या तरी पहिल्या हातात ते येण्याची शक्यता 35 टक्केच, म्हणून एका पानावर अख्खा डाव टांगू नये. ऑप्शन पानांना त्याच रंगाचा डिजिमॉन किंवा टेमर मैदानात लागतो. चार रंगांची खिचडी करणाऱ्यांच्या हातात ती नुसती पडून राहतात.

पिसण्याबद्दल. डाव संपल्यावर चढवलेली पाने 3-4-5-6 अशा क्रमानेच डेकमध्ये परत जातात, त्यामुळे अर्धवट पिसले की पुढच्या डावात ती तशीच लागोपाठ येतात. टेबलावर ढीग पाडणे म्हणजे पिसणे नव्हे, त्याने क्रम फक्त दुसरा होतो. डेकचे दोन भाग करून बाजूने एकमेकांत सरकवायचे, निदान सात वेळा. कार्ड 63 बाय 88 मिलिमीटरचे, त्याला 66 बाय 91ची स्लीव्ह (प्लॅस्टिकची खोळ) बसते. 60ची पाकिटे मिळतात. उरलेल्या 10 जपून ठेवा. एक फाटली म्हणून दुसऱ्या पाकिटातली घातली तर छटा जुळत नाही, आणि स्पर्धेत तो खुणेचा पत्ता धरला जातो. अंड्यांना मुद्दाम वेगळ्या रंगाच्या घातल्या की आवरताना घोळ होत नाही.

सुटी पाने घेताना दहापट भिंग जवळ असू द्या. अस्सल छपाईत चित्र रंगीत ठिपक्यांचे असते, पण काळी अक्षरे सलग आणि धारदार. नकलेत अक्षरेही ठिपक्यांचीच निघतात. स्पर्धेला जायचे असेल तर निघण्यापूर्वी बंदी आणि मर्यादांची चालू यादी एकदा पाहावी, कारण चार प्रती जमवलेले पान एका प्रतीवर आलेले असू शकते.

– कार्डांचे डाव मांडणारे काही वाचक