शनिवारचं पेंटबॉल – वाचा आणि नाव कळवा

मंडळी, शनिवारी वेल्सजवळच्या जंगलात पेंटबॉल (एकमेकांवर बंदुकीने रंगाच्या गोळ्या झाडायचा खेळ) फिक्स आहे, वेल्स म्हणजे सॉमरसेटमधलं ते कॅथेड्रलवालं चिमुकलं शहर, वेल्स देश नव्हे, मागच्या वेळी एकाने थेट कार्डिफचा रस्ता धरला होता 😄 तिथे रेल्वे स्टेशन नाहीये, १९६३ पासून पॅसेंजर गाड्या बंद, त्यामुळे ब्रिस्टॉलहून कार शेअर करा. जुने, फुल बाह्यांचेच कपडे घाला, रंग पाण्याने निघतो पण गोळी उघड्या अंगावर बसली की चांगलाच वळ उठतो. आणि मैदानात मास्क काढायचा नाही म्हणजे नाही, काचेवर वाफ धरली तरी! नंतर कॅथेड्रलमधलं जुनं घड्याळ बघू, दर १५ मिनिटांनी त्यावरचे छोटे घोडेस्वार-पुतळे भिडतात आणि दरवेळी त्यातला तोच एक बिचारा पडतो. गुरुवारपर्यंत नावं द्या.