बाई, ती वाक्यं तुमची होती

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

तर्क आणि भाषा या विषयावरच्या आमच्या उन्हाळी शाळेसाठी तुम्ही भर मे महिन्यात अंबाजोगाईहून छत्रपती संभाजीनगरला आलात. त्याचे आभार समक्ष मानले होतेच. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण त्या आठवड्यात माझ्या वर्गात जे खरोखर रुजलं ते तुमच्यामुळे रुजलं, आणि असं शिकवू पाहणाऱ्या इतरांनाही ते कळायला हवं.

शाळेचा साचा आम्ही बाहेरून घेतला. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला १९८९ साली तर्कशास्त्र, भाषा आणि माहिती यांची उन्हाळी शाळा भरली आणि पुढे ती युरोपात गावोगावी फिरत राहिली. तिथे सोमवार ते शुक्रवार रोज दीड तास एक विषय चालतो, शिकवणाऱ्याला मानधन नसतं आणि गणित, संगणक, भाषा, तत्त्वज्ञान अशा सगळ्या शाखांची मुलं एकत्र बसतात. साचा उचलणं सोपं होतं. पण आमच्या बाकांवर देगलूर, उदगीर, किनवट, गेवराईकडची मुलं होती आणि इंग्रजी पुस्तकांतली उदाहरणं त्यांना परक्या घरातल्या भांडणासारखी वाटत होती.

पहिल्याच दिवशी तुम्ही फळ्यावर लिहिलंत, ‘सगळी मुलं आली नाहीत.’ आणि विचारलंत, वर्गात कुणी आहे की नाही? निम्मे म्हणाले, कुणीच नाही. उरलेले म्हणाले, थोडी आहेत की! दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या. तेव्हा कुठे मला सांगता आलं, की ‘प्रत्येक मुलाबद्दल, ते आलं नाही’ आणि ‘प्रत्येक मूल आलं, हे खरं नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. नकाराची सत्ता कुठवर पोचते यावर सगळं ठरतं. मग तुम्ही एक ‘च’ घातलात, ‘सगळीच मुलं आली नाहीत’, आणि बहुतेकांचा कौल ‘थोडी आली’कडे झुकला. ‘एकही मूल आलं नाही’ म्हटल्यावर वाद संपला. विधेय तर्कशास्त्राची, म्हणजे ‘प्रत्येक’, ‘काही’, ‘नाही’ यांचा नेमका अर्थ मांडणाऱ्या तर्कशास्त्राची चिन्हं मी त्यानंतर फळ्यावर लिहिली. मुलांना ती हवी होती म्हणून लिहिली.

‘च’ तुम्ही दुसऱ्या दिवशीही सोडला नाहीत. मंगलनेच काल भाकरी केली. मंगलने कालच भाकरी केली. मंगलने काल भाकरीच केली. प्रत्येक वेळी कोण, कोणता दिवस, कोणता पदार्थ वगळला गेला हे मुलांकडून वदवून घेतलंत. नांदेडची एक मुलगी म्हणाली, आमच्या घरी दखनीत ‘मैंइच लाई’ म्हणतात, ते पण हेच ना? हेच. दखनीने हा ‘च’ मराठीकडूनच घेतला असं भाषाभ्यासक सांगतात. त्या मुलीने मग स्वतःच्या घरातली वाक्यं तपासायला घेतली. शिक्षक म्हणून मला आणखी काय हवं होतं?

गुरुवारचा वर्ग मात्र मी जन्मभर विसरणार नाही. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाचं १९६६ सालचं चार पत्त्यांचं कोडं मी मांडलं होतं. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या; समोर दिसतात अ, क, ४, ७. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असलीच पाहिजे. नियम मोडलाय का हे बघायला कोणते पत्ते उलटाल? जगभर बहुतेकांचं चुकतं, आपल्याकडेही चुकलं. सगळे अ आणि ४ वर गेले. तुम्ही मागच्या बाकावरून उठलात आणि म्हणालात, आता तुम्ही एसटीचे कंडक्टर. नियम एवढाच धरा, की फुकट प्रवास करणाऱ्याची पंच्याहत्तरी पूर्ण झालेली असली पाहिजे. चौघे प्रवासी: एकाकडे शून्य रुपयांचं तिकीट, एकाकडे पूर्ण तिकीट, एक ऐंशीचे आजोबा, एक पन्नाशीचे गृहस्थ. कुणाला हटकाल? वर्ग एका आवाजात म्हणाला, शून्यवाल्याचं वय बघू आणि पन्नाशीवाल्याचं तिकीट! आजोबांना कशाला त्रास द्यायचा? मग मुलांनी आपणहून पत्त्यांकडे परत येऊन ४ सोडला आणि ७ उचलला: ४ च्या मागे काहीही असलं तरी नियम मोडत नाही, ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. रचना तीच होती. नियम ओळखीचा झाल्यावर ती त्यांना दिसली.

मराठीत हे विषय कसे शिकवणार, असं मला अनेकांनी विचारलं होतं. परंपरा मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ शके १११०चा मानते, आणि त्यांची समाधी तुमच्या गावात आहे. ज्या भाषेत ब्रह्म आणि मायेची चर्चा झाली तिच्यात एक नकार आणि एक ‘सगळी’ उलगडता येणार नाही, हे मला कधीच पटलं नाही. पण पटणं वेगळं आणि वर्गात करून दाखवणं वेगळं. ते तुम्ही केलंत, व्याकरण शिकवण्यात उभी हयात घालवलेल्या माणसाच्या सहजतेने.

आता एक विनंती. तुमच्या वहीतली वाक्यं स्वाध्यायासह छापून मराठवाड्यातल्या महाविद्यालयांना पाठवायची आहेत. मुखपृष्ठावर तुमचं नाव आधी असेल. त्याला नाही म्हणू नका. ‘कोणीही’ आणि ‘कोणीतरी’वरचं प्रकरण तुम्ही अर्धवट ठेवलं आहे, तेवढं दिवाळीपर्यंत पूर्ण करून द्याल का? मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

आपला कृतज्ञ,
उन्हाळी शाळेतला तुमचा सहशिक्षक