अफगाण चर्चमधील रंगीत प्रकाश

संपादक यांस, स. न. वि. वि.

कुलाब्याचे अफगाण चर्च, म्हणजेच १८५८ साली प्रार्थनेसाठी खुले झालेले सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्च, हे पहिल्या अफगाण युद्धात मरण पावलेल्या सैनिकांचे स्मारक आहे. त्याच्या पूर्व-पश्चिम भिंतींतील रंगीत काचांच्या खिडक्या इंग्लंडमधील विल्यम वेल्स यांनी घडवल्या. त्यांतून झिरपणारा प्रकाश टिपायला हल्ली पुष्कळ जण येतात, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र अनेकांना फ्लॅश वापरताना पाहून फार वाईट वाटते. फ्लॅशचा उजेड उंच कमानींपर्यंत पोहोचतच नाही, जवळचे बाक तेवढे पांढरेफटक दिसतात आणि फरशीवर सांडलेला निळा-तांबडा रंग पुसला जातो. उजळ काचा आणि काळोखे छत सहसा एकाच छायाचित्रात नीट मावत नाहीत. म्हणून एक छायाचित्र काचांच्या प्रकाशाचे मोजमाप घेऊन काढावे, दुसरे आतील भागासाठी अधिक वेळ शटर उघडे ठेवून काढावे आणि नंतर दोन्ही जोडावीत. त्यासाठी कॅमेरा अगदी स्थिर लागतो. बाकाच्या पाठीवर तो टेकवून मी काम भागवले आहे, पण ट्रायपॉडची सर त्याला येत नाही.

प्रार्थनेची वेळ सोडून, आठवड्यातून एखादी सकाळ ट्रायपॉडसह छायाचित्रणासाठी द्यावी आणि फ्लॅशला पूर्ण मनाई करावी, अशी चर्चच्या व्यवस्थापनास माझी नम्र विनंती आहे.

– एक छायाचित्रकार, मुंबई