बोटीवर निघालेल्या बाब्याला

गुहागर
गुरुवार, दुपार

चि. बाब्या,
अनेक आशीर्वाद.

परवा स्टँडवर मी जे बोललो ते बोलायला नको होतं. कंट्रोलरच्या खिडकीसमोर, चार ओळखीची माणसं उभी असताना, तुझ्या त्या ताईचीवरून, त्या संथ चिनी व्यायामावरून, म्हणालो, "हात हलवून इंजिन चालत नसतं." तू पाया पडलास, आईच्या हातून डबा घेतलास आणि आत जाऊन बसलास. रातराणी शृंगारतळीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तिथेच होतो. बत्तीस वर्षं त्या स्टँडवरून गाडी बाहेर काढली, पण मागे उभं राहिलेल्याच्या नाकात डिझेलचा वास किती वेळ राहतो, ते परवा कळलं.

फोनवर तू "ठीक आहे अण्णा" एवढंच म्हणतोस, आणि माझं तोंड फोनवर जास्तच सुटतं. म्हणून हे पत्र. ताई याचे फोटो काढून पाठवील. सिंगापूरला बोट पकडायच्या आत मिळेल असं ती म्हणते.

तुझ्या श्वासाबद्दल आणि झोपेबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. चिपळूणच्या डॉक्टरांनी फिट म्हटलं, कंपनीच्या डॉक्टरनेही म्हटलं, विषय संपला. फक्त ती बारा ते चारची वॉच, तुमची ती पाळी. थर्ड इंजिनिअरला तीच असते, मला माहीत आहे. पण मागच्या खेपेला झालं ते त्याच वॉचला ना? असो.

खळ्यात सुपारी वाळत घातलीय. विहिरीकडच्या बाजूला तू तुझ्या त्या प्रकारासाठी जागा मोकळी ठेवायचास, ती आईने तशीच सोडलीय. मी म्हटलं, तिथेही पसर, दोन पाट्या मावतील. ती म्हणाली, राहू दे. वाघ्या तिथे जाऊन झोपतो.

शेजारच्या काकूंचा फोन आला होता, तू नीट पोचलास का विचारायला. आठवतं ना, पहिल्या दिवशी त्यांनी कुंपणावरून विचारलं, बाब्या काय करतोय? आई म्हणाली, ताईची करतोय. तर काकू म्हणतात, "ताईची काय? कामं?" आठ दिवस अख्ख्या वाडीत तेच. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

तू जेवताना सांगायचास आणि मी भुरका मारत ऐकत नसल्यासारखं करायचो, पण ऐकत होतो. चीनच्या हेनान प्रांतातलं ते चेन घराण्याचं गाव, चेनजियागौ. सतराव्या शतकातला चेन वांगटिंग, लष्करातला माणूस, त्याच्यापासून सुरुवात धरतात. मग तो यांग लूचान, १७९९ चा जन्म, घराण्याबाहेरचा, तरी त्यांच्याकडून शिकला आणि विद्या पेकिंगला घेऊन गेला. त्याच्या नातवाने आजचा संथ, मोठ्या हातांचा घाट दिला. १९५६ मध्ये सरकारने लांबलचक प्रकार छाटून चोवीस हालचालींचा संच केला, तोच तू करतोस. २०२० ला युनेस्कोच्या यादीतही गेला. ताईचीच्वान या पूर्ण नावात 'मूठ' आहे, म्हणजे मुळात ही मारामारीची विद्या, हे ऐकून मला जरा बरं वाटलं होतं. तोवर मला वाटायचं, पोरगा आजारी बायकांचा व्यायाम करतोय. हेही लिहून टाकतो, मनात कशाला ठेवू?

खरं सांगायचं तर लांबून बघायला बरं वाटायचं. आपल्या जाखडीत पाय जमिनीवर आपटतात, तुझा पाय मांजरासारखा पडायचा. आधी टाच, मग तळवा, मग हळूहळू सगळं वजन. एक पाय भरलेला, एक रिकामा, आणि रिकामा झाल्याशिवाय उचलायचा नाही. ओसरीवरून बघताना माझ्या मनात यायचं, हा क्लच पूर्ण दाबल्याशिवाय गिअर टाकत नाही. आणि ते कमरेतून वळणं! जुन्या गाड्यांचं स्टिअरिंग मनगटाने वळायचंच नाही. नवीन पोरं घाटात मनगटाने ओढायची आणि पाटणला पोचेपर्यंत खांदे धरून बसायची. आम्ही कमरेतून वळवायचो, हात नुसते मागून यायचे. हे तुला सांगायला हवं होतं. तुला आवडलं असतं.

ते मनगटाला मनगट लावून ढकलायचं, तुइशौ की काय, त्या दिवशी तू मला खळ्यात उभं केलंस. मी स्टेपनी ढकलावी तसा जोर लावला आणि तू तिथे नव्हतासच. मी सरळ सुपारीवर. आई हसली, तू हसलास. सात महिन्यांत तू मोठ्याने हसलास तो तो दिवस. माझा गुडघा चार दिवस दुखला ते मी बोललो नाही.

आईला तू छापून दिलेला कागद तिने देवळीत ठेवलाय. अमेरिकेतला, २०१८ चा. सत्तरीच्या वरची ६७० माणसं, आधी पडलेली नाहीतर चालताना तोल जाणारी, आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे. नुसतं अंग ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा हे करणाऱ्यांचं पडणं ५८ टक्क्यांनी कमी. मोरीत पडल्यापासून ती घाबरून चालते, हे तुझ्या लक्षात आलं आणि माझ्या नाही. आता ती रोज ओट्याला धरून एका पायावर उभी राहते. तुझा तो सोन्याचा कोंबडा! मला म्हणते, तुम्हीही उभे राहा. मी म्हटलं, मला सत्तरीला अजून तीन वर्षं आहेत.

आता चार गोष्टी सांगतो, राग मानू नकोस. बोट हलत असताना एका पायावर उभं राहण्याचा पराक्रम करायचा नाही. इंजिन रूममध्ये तर मुळीच नाही, तिथे तेल सांडलेलं असतं हे तूच सांगितलंस. डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या, ठीक. पण पुन्हा लागल्या तर घ्यायच्या. ताईची करतो म्हणजे गोळी घेतली की हरलो, असलं काही डोक्यात घेऊ नकोस. गोळ्यांचा कागद बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहे. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा, त्याने ठोके उतरतात, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं, म्हणून लिहितो. चार वाजता वॉच सुटली की फोन घेऊन पडायचं नाही, झोपायचं. नाही झोप लागली तर त्या दिवशीच चीफला सांगायचं, आठवडाभर दडवून…

बघ. लिहायचं नाही म्हणता म्हणता तिथेच आलो. माफ कर. तू एकोणतीस वर्षांचा आहेस, बारा हजार किलोवॅटचं इंजिन सांभाळतोस, आणि मी तुला झोप म्हणून सांगतोय. ते बारा हजार स्टँडवरच्या सगळ्यांना पाठ आहे. मीच सांगत असतो.

दडवण्याचं मात्र मी बोलायला नको, आणि त्याचसाठी हे पत्र लिहायला घेतलं. तीन पानं झाली, तरी तिथवर येत नव्हतो.

कुंभार्ली घाटातली गोष्ट मी तुला किती वेळा सांगितलीय! १९९७ चा जुलै, गुहागर-कोल्हापूर, घाटाखालचं पोफळी गाव सोडल्यापासून धुकं. वरच्या वळणावर दरडीचे दगड रस्त्यात. मी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. कंडक्टर बॅटरी घेऊन उतरला, चाकाशी बघून आला, काही न बोलता परत वर चढला. मग म्हणाला, "मागे घे. हळू." पुढच्या चाकाच्या पलीकडे वीतभर माती, मग दरी. आत बेचाळीस माणसं झोपलेली. माझा हात हलला नाही. इथपर्यंतची गोष्ट खरी आहे आणि ती तुला पाठ आहे.

पुढची सांगितली नाही. तीन आठवड्यांनी, चांगलं ऊन पडलेलं, रस्ता कोरडा, आणि पोफळीपाशी माझी छाती धरली. तोंडाला कोरड, हाताला इतका घाम की स्टिअरिंग साबणासारखं सुटायला लागलं. वाटलं, गेलो. गाडी बाजूला घेतली. पोटात कळ आली म्हणून सांगितलं आणि झाडीत जाऊन उभा राहिलो, पंधरा मिनिटं. त्या दिवशी नेली कशीतरी. पुढच्या आठवड्यात परत तेच. मग डेपोत पाठदुखीचा कागद दिला आणि वर्षभर लोकल फेऱ्या मारल्या. पालशेत, हेदवी, वेळणेश्वर. तू दीड वर्षाचा होतास. पोरासाठी घरी राहायचं म्हणून मी ड्युटी बदलून घेतली असं तुझ्या आईला वाटलं. आजही वाटतं. हे पत्र ती वाचणार आणि ताईही वाचणार, तेव्हा आता कळेलच.

डेपोत एक जुने वस्ताद होते, निवृत्तीला दोनेक वर्षं राहिलेली. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, रविवारी सुट्टीला माझ्या गाडीत येऊन बस. केबिनच्या सीटवर. आठ रविवार बसलो. पोफळी आली की ते पुढेच बघत विचारायचे, "पाय कुठे आहेत?" पहिल्यांदा मला कळलंच नाही. मग कळलं, तळपाय. बुटात बोटं आवळून बसलेलो असायचो. ती सोडायची, तळवे पत्र्यावर टेकवायचे, इंजिनची थरथर पायाला लागते का बघायची. एवढंच. दुसरं काही विचारलं नाही की समजावलं नाही. नवव्या रविवारी उतरले आणि मला म्हणाले, घे.

तू बोटीवरून आलास त्या पावसाळ्यात, पहिल्याच आठवड्यात, ओसरीवर मला म्हणालास, "अण्णा, तो चिनी फिटर सांगायचा, हात नंतर, आधी तळपाय जाणवले पाहिजेत." मी उठून माडांना पाणी लावायला गेलो. पावसात. तुला वाटलं असेल, बापाला ऐकायचं नाही. मला त्या क्षणी तुझ्यासमोर बसवलंच नाही. मग सात महिने हसलो, टोमणे मारले आणि परवा स्टँडवर ते वाक्य. का, ते मलाही धड सांगता येत नाही. तुला माझ्यासारखं झालं हे मला बघवत नव्हतं, असं काहीतरी. आजोबांनाही असं व्हायचं का, कोणाला माहीत. ते नमनात सोंग घ्यायच्या आधी तासभर कोणाशी बोलायचे नाहीत, एवढं आठवतं.

तुला तो फिटर भेटला हे तुझं नशीब. पोराला रात्री दोन वाजता बोटीच्या मागच्या डेकवर कोणीतरी उभं राहायला शिकवलं आणि मी त्या माणसाचं नावही कधी विचारलं नाही. या बोटीवर तसं कोणी असेल का? नसेल तर तू हो कोणाचा तरी. एखादा कॅडेट असेल घाबरलेला. हा उपदेश झाला, सोडून दे.

आज पहाटे पाचला उठलो. आई झोपली होती. विहिरीकडच्या त्या जागेवर उभा राहिलो आणि ते ढगांसारखे हात करून बघितले. एक वर, एक खाली, कंबर वळते तसे जाऊ द्यायचे. माझे ढगासारखे काही होईनात, वायपरसारखे व्हायला लागले. गुडघा बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही हे तुझं लक्षात होतं. चार वेळा इकडे, चार वेळा तिकडे. वाघ्याने एक डोळा उघडून बघितलं आणि परत मिटला. तेवढ्यात काकू दूध घेऊन आल्या. मी हात तसेच वर नेऊन माडावरचे नारळ बघतोय असं केलं. त्या म्हणाल्या, "झाली का ताईची?" आता सगळ्या वाडीला कळलं असेल.

आईने भाजणी आणि कोकमाचं आगळ बांधून दिलंय. बाटलीचं बूच परत आवळ. ताईच्या धाकटीने तुझ्यासाठी चित्र काढलंय, पांढरा पक्षी पंख पसरून. मी म्हटलं करकोचा आहे, ती म्हणते नाही, आपल्या समुद्रावरचा बगळा. फोटो सोबत आहे.

बोटीवर घड्याळं मागेपुढे करतात असं तू सांगितलं होतंस. निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या पोरांनी दिलेलं ते भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, त्यात काल नवीन सेल घातला आणि जेवायच्या जागेसमोर लावलं. तुझी वेळ बदलली की कळव, ते त्याप्रमाणे फिरवतो. दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझा,
अण्णा

ता. क. आईने वाचलं. काही बोलली नाही. पोफळीच्या त्या झाडीत नक्की कुठे उभे होतात, एवढं विचारलं.