न विकायच्या गोष्टी

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या मैत्रिणीचे राजकीय मत तुझ्या मताच्या अगदी उलट निघाले, तेव्हा तिला तत्त्वेच नाहीत, असा निष्कर्ष तू काढलास. तिच्या मताला तू विरोध करावास, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण हा निष्कर्ष मला मुळातच चुकीचा वाटतो.

जेसी ग्रॅहम, जोनाथन हाइट आणि ब्रायन नोसेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाच्या एका भागात लोकांना विचारले होते, की अमुक कृत्य करायला तुम्ही किती पैसे घ्याल? उत्तरे ‘फुकटातही करीन’ येथपासून दहा लाख डॉलरपर्यंत जात, आणि शेवटचा पर्याय होता ‘कितीही दिले तरी नाही’. कृत्ये कोणती? अनोळखी मुलाच्या तळहातात टाचणी टोचणे. पैसे लावून चाललेल्या पत्त्यांच्या डावात फसवणूक करणे. परक्या देशातल्या रेडिओवर, नाव न सांगता, स्वतःच्या देशाबद्दल मनात नसलेले वाईट बोलणे. विनोदी प्रवेशात वडिलांच्या परवानगीने त्यांच्या थोबाडीत मारणे. (या शेवटच्या कृत्याचा तुझा दर मी विचारत नाही.) उदारमतवाद्यांचा ठाम नकार मुख्यतः इजा आणि अन्याय या बाबतींत एकवटलेला दिसला, तर परंपरावाद्यांचा नकार निष्ठा, वडीलधाऱ्यांचा मान आणि पावित्र्य यांच्यापर्यंतही पसरलेला होता. याचा अर्थ परंपरावाद्यांना टाचणी टोचणे चालते असा मुळीच नाही. राजकीय कल पाहून एखाद्याचा नकार कुठे येईल याचा थोडाफार अंदाज बांधता येतो, एवढेच; त्याच्यापाशी नकार आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. मानसशास्त्रज्ञ लिंडा स्किट्का यांच्या नैतिक खात्रीविषयीच्या संशोधनातूनही हेच दिसते, की एखाद्या प्रश्नाला नैतिक मानून त्यावर अडून बसणे ही कोणत्याही एका बाजूची मक्तेदारी नाही. कागदावर ‘कधीच नाही’ लिहायला काही खर्च येत नाही, हेही अर्थात लक्षात ठेवायला हवे.

मग भांडण एवढे का पेटते? मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी आपल्या प्रयोगात भाग घेणाऱ्यांपुढे एक प्रसंग ठेवला होता. पैसे खर्च करून एका मुलाचा जीव वाचवायचा की ते पैसे रुग्णालयाच्या इतर गरजांसाठी ठेवायचे, हे रुग्णालयाच्या एका अधिकाऱ्याला ठरवायचे आहे. त्याने मुलाला वाचवले, पण निर्णयाला फार वेळ घेतला, तर तेवढ्यानेही तो लोकांच्या मनातून उतरला. दोनपैकी कोणत्या मुलाला वाचवायचे, असा पेच असला, तर मात्र बराच वेळ विचार करणाऱ्याबद्दल लोकांचा आदर वाढला. म्हणजे काही बाबतींत नुसता हिशेब मांडणे हाच गुन्हा ठरतो. तुझ्या मैत्रिणीने तुला पवित्र वाटणाऱ्या गोष्टीचा खर्च विचारला, आणि तिला पवित्र वाटणाऱ्या गोष्टीचा उपयोग काय, असे तू तिला विचारलेस. दोघींनाही वाटले, की समोरची माणुसकीच सोडून बोलते आहे.

अशा वेळी मोबदला देऊ केला तर प्रकरण आणखी चिघळते. जेरेमी गिंजेस, स्कॉट ॲट्रन आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी इस्रायली वसाहतवासी आणि पॅलेस्टिनी यांच्यात केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या लेखी वादाचा विषय पवित्र होता, त्यांच्यापुढे तडजोडीबरोबर पैशांचा किंवा इतर ऐहिक लाभांचा प्रस्ताव ठेवला, की त्यांचा संताप आणि हिंसेला असलेला पाठिंबा वाढत असे. उलट, समोरच्यानेही स्वतःला पवित्र असलेले काही सोडले, तर विरोध सौम्य होई. भाव वाढवून देणाऱ्याला आपण उदार आहोत असे वाटत असते, आणि ऐकणाऱ्याला तो अपमान वाटतो. राजकारण्यांना हे उत्तम कळते. म्हणूनच साध्या वाटाघाटीच्या प्रश्नालाही ते अस्मितेचा किंवा अस्तित्वाचा प्रश्न म्हणून उभे करतात आणि मग तडजोड करणारा आपोआप गद्दार ठरतो.

तुला सांगायचे ते इथेच आहे. कितीही दिले तरी न विकायच्या गोष्टी प्रत्येकापाशी असाव्यात, पण त्यांची यादी लहान असावी, असे माझे मत आहे. जोनाथन बॅरन आणि सारा लेश्नर या संशोधकांना असे आढळले, की ज्या मूल्यांवर लोक कधीच तडजोड करणार नाही म्हणतात, त्यांतली बरीचशी, अपवादाची उदाहरणे शोधायला लावली की तेवढी अभेद्य राहत नाहीत. ही परीक्षा तू स्वतः घेऊन पाहा. तुझी मैत्रीण ती तुझ्यासाठी घेईलच, पण तिच्या हातून घेतलेली तुला रुचणार नाही. कोणाचाही छळ करू नये, हे तुझ्या यादीत आहे, ते माझ्याही यादीत आहे आणि त्यावर मी चर्चा करणार नाही. पण श्रीमंतांवर किती टक्के कर असावा, हा आकड्याचा प्रश्न तू त्याच यादीत का घातला आहेस, ते मला अजून उमगलेले नाही. पुढच्या पत्रात त्याची कारणे सविस्तर लिही.

तुझे,
बाबा